औषध नसलेल्या तापाचे निदान

ज्या आजारावर औषध नाही, त्याचे निदान लवकर होऊन उपयोग काय? आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रांवर माकडतापाची चिपवरची तपासणी सुरू व्हावी, असा विषय एका बैठकीत निघाला तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हा प्रश्न विचारला. त्यात उपहास नव्हता. आयुष्यभर खेड्यापाड्यांत रुग्णसेवा केलेल्या माणसाचा तो प्रश्न होता, आणि हाताशी असलेला मोजका पैसा कुठे घालावा याची चिंता त्यामागे होती. बैठक पुढच्या विषयाकडे वळली, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. सरकारी सेवेतली माझी बरीच वर्षे सिंधुदुर्गात, तिलारीच्या खोऱ्यालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली. तिथे जे पाहिले त्याच्या आधारे या प्रश्नाचा विचार करावा, असे वाटते.

माकडतापाचे वैद्यकातले नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि पाठोपाठ आसपासच्या गावांत तापाची साथ आली. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. गोचिडीच्या चाव्यातून तो माकडांत आणि माणसांत शिरतो. पुढची अनेक दशके हा आजार कर्नाटकातल्या मोजक्या तालुक्यांपुरताच आहे असे मानले जाई. २०१२ पासून तो बंदीपूर, निलगिरी आणि वायनाडच्या जंगलांत आढळला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात तो दिसला, २०१६ च्या आरंभी आमच्या जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात आणि त्यानंतरच्या वर्षी बांद्याच्या परिसरात त्याने अनेकांना गाठले.

या आजाराचा काळ आणि आमच्या लोकांच्या कमाईचा काळ एकच आहे, ही गोष्ट बाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत गोचिडीची पिल्ले वाळलेल्या पाचोळ्यात सर्वाधिक असतात. ती इतकी बारीक असतात की अंगावर चढल्याचे कळतही नाही. नेमक्या त्याच महिन्यांत काजू पिकतो, बोंडू गळून पाचोळ्यात पडतात आणि ते वेचण्यासाठी घरातली बायामाणसे दिवसभर वाकून त्याच पाचोळ्यात हात घालतात. गोव्यातल्या साथीचा अभ्यास करताना पुण्याच्या शास्त्रज्ञांनाही काजूच्या बागांत राबणारे लोकच या आजाराच्या तोंडी असल्याचे आढळले होते. जंगलात जाऊ नका, असा सल्ला आम्ही देत असू. ज्याच्या वर्षभराच्या मिठामिरचीचा पैसा त्या दोन-तीन महिन्यांत उभा राहतो, त्याने तो सल्ला कसा पाळावा, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

ताप एकाएकी चढतो. डोके आणि स्नायू असह्य दुखतात, उलट्या होतात, काहींना हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते. बहुतेक रुग्ण आठवडा-दोन आठवड्यांत सावरतात. शंभरातले तीन ते पाच दगावतात, काही साथींत त्याहूनही अधिक. परंतु पहिल्या तीन-चार दिवसांत हा ताप डेंग्यू, लेप्टो, स्क्रब टायफस किंवा हिवताप यांच्यापासून वेगळा ओळखणे अनुभवी डॉक्टरलाही कठीण जाते. त्यातल्या काहींवर हमखास औषध आहे, काहींवर नाही. म्हणून माकडताप आहे की नाही हे कळणे, दुसरे काय असू शकेल हे कळण्याइतकेच महत्त्वाचे असते.

त्या काळी हे कळण्याचा मार्ग पुण्याहून जात असे. रुग्णाचे रक्त काढायचे, नळीवर नाव आणि क्रमांक लिहायचा, नळी तीन आवरणांत बंद करायची, बर्फाच्या पिशव्या घातलेल्या व्हॅक्सिन कॅरियरमध्ये ठेवायची, सोबतचा फॉर्म भरायचा आणि गाडीची वाट पाहायची. गाडी आंबोलीचा घाट चढून, कोल्हापूरमार्गे पुण्याला पोहोचे. पुण्यातल्या मंडळींच्या कामात कसूर नव्हती. हा विषाणू हाताळण्यासाठी लागणारी सुरक्षित प्रयोगशाळा देशात फार थोड्या ठिकाणी आहे आणि साथीच्या दिवसांत तिथे नमुन्यांचा ढीग लागत असे. वेळ जाई तो रस्त्यात, गाडीपुरते नमुने जमेपर्यंत, रविवारी आणि सणावारी, आणि अहवाल पुण्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला व तालुक्याहून आमच्याकडे येण्यात.

एक रुग्ण मला विशेष आठवते. चाळिशीतली बाई, काजूच्या बागेत राबणारी. डोळे लाल झालेले, कमरेत असा ठणका की कूस बदलतानाही ती कण्हत असे. बागेच्या कडेला एक केलडे, म्हणजे माकड, मरून पडले होते, असे तिच्या मुलाने सांगितले. संशय घेण्यास तेवढे पुरेसे होते. आम्ही रक्त घेऊन पाठवले, सलाईन लावले, पॅरासिटामॉल दिले आणि स्क्रब टायफस व लेप्टोची शक्यता सोडता येत नसल्यामुळे डॉक्सिसायक्लिनही सुरू केले. मुलगा रोज सकाळी खिडकीशी येऊन एकच विचारी, “डॉक्टरांनू, काय ता कधी कळतला?”

आठवडाभराने ताप उतरला आणि तिने घरी जाण्याचा आग्रह धरला. माल खाली पडून सडत होता, आणि तिच्या दृष्टीने ती बरी झाली होती. मी तिला थांबण्याविषयी पुष्कळ सांगितले. माकडतापात काही रुग्णांना ताप उतरल्यानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो, आणि या खेपेस तो मेंदूवर परिणाम करतो, हे तिला आणि मुलाला समजावले. परंतु माझ्याजवळ होता तो केवळ संशय. डॉक्टरच्या संशयाला गळणाऱ्या काजूपुढे वजन नसते, आणि ते असावे असा हट्टही मला धरता आला नाही. ती गेली. काही दिवसांनी पुन्हा ताप आला, हात थरथरू लागले. घरच्यांनी अशक्तपणा समजून दोन दिवस काढले, देवाला गाऱ्हाणे घातले आणि बोलणे असंबद्ध होऊ लागले तेव्हा तिला आमच्याकडे आणले. आम्ही तिला गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयात हलवले. त्याच दिवशी दुपारी अहवाल फोनवर आला. माकडताप होता.

ती वाचली. हातांचा कंप मात्र पावसाळा लागेपर्यंत टिकला, आणि ज्या हातांनी ती बोंडूपासून बी पिळून वेगळी करी त्या हातांत पाण्याचा पेला स्थिर राहत नसे.

अहवाल लवकर आला असता तर आजाराचा दुसरा टप्पा टळला असता, असे मी म्हणणार नाही. तो टाळण्याचा उपाय वैद्यकापाशी नाही. पण संशयाचे निश्चितीत रूपांतर झाले असते. मुलाच्या हाती आजाराचे नाव असलेला कागद असता, थरथरणाऱ्या हातांचा अर्थ त्याला पहिल्याच दिवशी कळला असता, आणि दोन दिवस वाया गेले नसते. माझ्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर आहे. औषध रोगावर चालते. निदान माणसांच्या निर्णयांवर चालते, आणि औषध नसलेल्या आजारातही घ्यावयाचे निर्णय पुष्कळ असतात.

आता त्या चिपविषयी. रासायनिक पृथक्करणाची सारी कृती एका लहान तुकड्यावर बसवावी, ही कल्पना स्विस रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. त्या वेळी समोर होते ते उद्योगांतले आणि प्रयोगशाळांतले प्रश्न: पृथक्करण जलद व्हावे, नमुना कमी लागावा. रस्त्याअभावी प्रयोगशाळेपासून तुटलेला रुग्ण त्या विचाराच्या केंद्रस्थानी पुढे आला. २००७ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने साध्या कागदावर द्रवाच्या वाटा आखून रोगपरीक्षा करता येते हे दाखवले, तेव्हा स्वस्ताई हे या विद्येचे उघड ध्येय झाले. आमच्याकडे आलेली चिप मात्र कागदाची नव्हती, आणि परदेशातलीही नव्हती. बंगळूरच्या बिगटेक लॅब्जमध्ये डॉ. चंद्रशेखर नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली, आणि गोव्याच्या वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायो डायग्नोस्टिक्सने ती ट्रूनॅट या नावाने बाजारात आणली. जिथून आमचे नमुने घाट चढून पुण्याकडे निघत, तिथून वेर्णा तासा-दोन तासांच्या वाटेवर आहे.

पीसीआर या पद्धतीत विषाणूच्या जनुकाचा एक ठरावीक तुकडा द्रावण तापवून आणि निववून पुन्हा पुन्हा दुप्पट केला जातो. विषाणूचे जनुक आरएनएचे असेल तर आधी त्याची डीएनएत प्रत करून घ्यावी लागते. सुमारे ९५ अंशांवर डीएनएच्या दोन पट्ट्या सुटतात, साठच्या आसपास नव्या पट्ट्या जुळतात. अशा ४० आवर्तनांत, सिद्धांतानुसार, एका प्रतीच्या लाख कोटीहून अधिक प्रती होतात, आणि रक्तात लपलेला विषाणू यंत्राला दिसू लागतो. मोठ्या यंत्राला हे तापवणे-निववणे वेळखाऊ असते, कारण त्याला पुष्कळ वस्तुमान तापवावे लागते. चिपवर ते काम अत्यल्प द्रवात होते. आमच्या प्रयोगशाळा तंत्रज्ञाला ते करताना मी अनेकदा पाहिले आहे. नमुना आधी एका काडतुसात घालून त्यातले जनुकद्रव्य वेगळे करून घ्यायचे. मग त्यातले सहा मायक्रोलिटर, म्हणजे एका थेंबाचा जेमतेम आठवा भाग, पिपेटने उचलून लहानशा नळीत सोडायचे. नळीच्या तळाशी गोठवून वाळवलेली रसायने असतात. ती विरघळून द्रव स्वच्छ दिसेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबायचे, आणि पुन्हा नेमके तेवढेच सहा मायक्रोलिटर उचलून चिपवरच्या खळग्यात ठेवायचे. बुडबुडा राहता कामा नये, थेंब कडेला सांडता कामा नये. ते करताना तो श्वास रोखून धरी. चिप यंत्रात सरकवली की पडद्यावर रेषा चढू लागे किंवा सपाट राही. सारे मिळून तासाभराचे काम. यंत्र बॅटरीवर चालते आणि रसायने वाळवलेली असल्यामुळे त्यांना सतत बर्फात ठेवावे लागत नाही. दर दोन दिवसांनी वीज जाणाऱ्या केंद्रात या दोन गोष्टींचे मोल शब्दांत सांगता येणार नाही.

ही चिप प्रामुख्याने क्षयरोगासाठी वापरात होती, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या कामासाठी तिची शिफारस केली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तिला कोरोनाच्या चाचणीसाठी मान्यता दिली. आधी ती केवळ चाळणीसाठी होती. पुढे निश्चितीसाठीही ग्राह्य झाली. कोरोनाच्या पहिल्या महिन्यांत आमच्या जिल्ह्याचे नमुने घाट ओलांडून मिरजेला जात. मुंबईहून गावी परतलेली माणसे शाळांच्या वर्गखोल्यांत अहवालाची वाट पाहत बसत, आणि वाट पाहता पाहता निरोगी आणि बाधित एकाच खोलीत दिवस काढत. चिपचे यंत्र जवळ आले तेव्हा बाळंतपणासाठी आलेल्या स्त्रीचा किंवा तातडीच्या शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा निकाल त्याच दिवशी हाती येऊ लागला. प्रतीक्षा हा आजाराचाच एक भाग आहे, असे आम्ही सारे गृहीत धरून चाललो होतो. तो अंतराचा भाग होता, हे तेव्हा प्रथम स्पष्ट दिसले.

पुण्याच्या विषाणू संस्थेने मोलबायोच्या सहकार्याने याच यंत्रावर चालणारी निपाहची आणि पुढे माकडतापाची चाचणी तयार केली. माकडतापाच्या बाबतीत तिचे महत्त्व दुहेरी आहे. विषाणूचे आरएनए रक्तात सापडते ते साधारण पहिल्या दहा दिवसांत. नंतर प्रतिपिंडांच्या चाचणीवर विसंबावे लागते. नमुना जितका उशिरा घेतला जाईल तितका हा काळ निसटतो, आणि आमच्याकडचा माणूस ताप अंगावर काढून, घरगुती काढे पिऊन, मगच केंद्राची पायरी चढतो. दुसरे असे की नमुना सुरुवातीलाच विषाणू निष्क्रिय करणाऱ्या द्रावणात मिसळला, तर अतिसुरक्षित प्रयोगशाळेशिवायही पुढची तपासणी करता येते. तंत्रज्ञाचा जीव धोक्यात न घालता ती तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकते.

मूळ प्रश्नाचे दुसरे उत्तर इथे सुरू होते, आणि माझ्या मते ते पहिल्याहून मोठे आहे. माकडतापाच्या निश्चित निदानाचा सर्वाधिक लाभ ज्याचे रक्त तपासले त्याला होत नाही. तो त्याच्या शेजाऱ्याला होतो. एका वाडीत एका माणसाला हा आजार आहे हे चौथ्या दिवशी कळले, तर त्याच वाडीच्या बागांत दुसऱ्या दिवशी जाणाऱ्यांना गोचिडींना दूर ठेवणारे डीएमपी तेल हातापायांना लावण्यासाठी देता येते, मेलेल्या माकडाच्या आसपास मॅलेथिऑनची भुकटी टाकता येते, आरोग्यसेविकांना घरोघर तापाचे रुग्ण शोधायला पाठवता येते. हेच पंधराव्या दिवशी कळले तर वाडी तोवर आजारी पडलेली असते. शिवाय हा आजार माणसाकडून माणसाला होत नाही. ही एक गोष्ट निश्चितपणे सांगता आली असती, तर साथीच्या वर्षी कित्येक घरांची भांडी शेजाऱ्यांनी वेगळी ठेवली नसती आणि एका घरच्या लग्नाला अर्धा गाव गैरहजर राहिला नसता. अज्ञात तापाला लोक भितात आणि त्या भीतीची किंमत आजारी माणसाचे घर चुकती करते. नाव कळले की भीती संपत नाही, पण तिला मर्यादा पडते.

माकडतापावरची जुनी लस परिणामकारकता ओसरल्यामुळे थांबवावी लागली आहे. प्रतिबंधाची मुख्य ढाल हाती नसताना लवकर कळणे हाच आमच्याकडचा सर्वांत धारदार उपाय उरतो. म्हणून माकडतापावर औषध नाही हे निदानाविरुद्धचे कारण नसून निदानाच्या बाजूचे कारण आहे, असे मी आज त्या सहकाऱ्यांना नम्रपणे सांगेन.

या चिपच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. तिला जो प्रश्न विचाराल त्याचेच उत्तर ती देते. माकडतापाची चिप माकडताप नाही असे सांगेल; मग काय आहे, हे सांगणार नाही. ‘निगेटिव्ह’ हा शब्द ऐकून समाधानाने घरी गेलेला लेप्टोचा रुग्ण दोन दिवसांत मूत्रपिंड गमावू शकतो. नमुना फार लवकर वा उशिरा घेतला असेल तर आजार असूनही रेषा सपाट राहू शकते. कागदावरच्या निकालापुढे रुग्णाच्या पोटावर हात ठेवून पाहण्याची सवय सुटली, तर तासाभरात मिळालेले उत्तर आठवडाभराच्या प्रतीक्षेहून अधिक घातक ठरेल.

स्वस्ताईचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. एक चिप एकदाच वापरता येते, तिच्यासोबत काडतूस, नळी, पिपेटचे टोक असा कचरा निघतो, आणि मोठ्या प्रयोगशाळेत एकाच वेळी शेकडो नमुने तपासताना पडणारा दर इथे पडत नाही. केवळ खरेदीची पावती पाहिली तर ही चाचणी महाग दिसेल. पण पुण्यापर्यंतच्या गाडीचे डिझेल, चालकाचा दिवस, मुलाने खिडकीशी उभे राहून घालवलेल्या सकाळी आणि बुडालेली मजुरी कोणत्याही पावतीवर येत नाही, कारण ती गरिबांच्या खिशातून आणि दुसऱ्या कोणा खात्यातून जाते. उत्तम चाचणीचे जे निकष जागतिक आरोग्य संघटनेने पुरस्कृत केले त्यांत परवडणारी किंमत, अचूकता, वेग, वापरण्याची सुलभता हे सारे आहे, आणि गरजवंतापर्यंत पोहोचणे हाही एक निकष आहे. पहिल्या बाबी शास्त्रज्ञांनी सिद्ध केल्या आहेत. शेवटची प्रशासनाने सिद्ध करायची आहे, आणि ती दर डिसेंबरला नव्याने सिद्ध करावी लागते: चिपांचा साठा काजूला मोहोर येण्याआधी केंद्रात हवा, मार्चमध्ये मंजुरी मिळून मेमध्ये येणारा साठा कोणाच्याच कामाचा नाही.

आणि तो तंत्रज्ञ हवा. श्वास रोखून सहा मायक्रोलिटर उचलणारा आमचा तंत्रज्ञ कंत्राटी होता. अकरा महिन्यांचे कंत्राट, मग खंड, मग पुन्हा नियुक्तीची वाट. एका वर्षी तो खंड नेमका साथीच्या तोंडावर आला. यंत्र होते, चिपा होत्या, रुग्ण बाकांवर बसून होते. त्याने नियुक्तिपत्राविना, वेतनाची हमी नसताना, रोज येऊन तपासण्या केल्या, आणि त्या दिवसांचे मानधन त्याला मिळावे म्हणून पाठवलेली माझी पत्रे निवृत्त होईपर्यंत अनुत्तरित राहिली. आता आमच्या भागात माकडतापाच्या चिपा आणायच्या असतील, तर मागणीपत्रात चिपांच्या संख्येच्या वरच्या ओळीत त्याच्या कायम पदाची मागणी लिहावी, एवढे माझ्या जागी आज बसलेल्या डॉक्टरांना मी कळवले आहे.